१०० सीसीचं एरोबॅटिक विमान जोडताना

खोक्यावर ‘उडवायला जवळजवळ तयार’ असं छापलेलं असलं, तरी १०० सीसी पेट्रोल इंजिनाचं रेडिओ-नियंत्रित एरोबॅटिक विमान नीट जोडायला तीस-चाळीस तास सहज जातात. कारखान्याने सांगाडा चिकटवून, फिल्म चढवून दिलेली असते. बिजागऱ्या, सर्व्हो (रेडिओच्या हुकमाने पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), दांडे, इंजिन, टाकी, वायरिंग आणि या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ घालणं हे काम तुमच्याकडे येतं. लहान विमानात खपून जाणारी मिलिमीटरभर ढिलाई इथे खपत नाही, कारण एलेरॉनवरचा (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा हलता भाग) हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि इथे एलेरॉनच मुळात हातभर लांब असतं.

पुढची मापं ३५ टक्के प्रमाणाचं मॉडेल धरून दिली आहेत. खऱ्या एक्स्ट्रा ३३० एससीचा पंखविस्तार ७.५ मीटर, त्याचं ३५ टक्के म्हणजे सुमारे २.६२ मीटर. अशा मॉडेलचं इंधनाशिवाय वजन ११ ते १२.५ किलोच्या दरम्यान भरतं. ५० सीसीचं विमान जोडत असाल तर क्रम हाच, फक्त सर्व्हो एक पायरी लहान. किटच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर पुस्तिकेचं खरं धरा.

## खोकं उघडल्यावर

पहिल्या दिवशी गोंदाची बाटली उघडू नका. पंख, शेपूट, काउल (इंजिनावरचं झाकण), कॅनोपी (वैमानिकाच्या जागेवरचं झाकण), चाकं सगळं कोरडंच जोडून बघा. पंखाची कार्बन नळी दोन्ही बाजूंनी हाताच्या दाबाने जायला हवी. हातोडी लागली तर कुठेतरी गोंदाचा थेंब सुकलाय असं समजा आणि घासकागद गुंडाळलेल्या काठीने तो काढा. फार सैल असेल तर नळीच्या टोकांना पातळ पारदर्शक टेपचा एक वेढा पुरतो.

मग मोजमाप. पंखाच्या टोकापासून रडरच्या (उभ्या शेपटीचा हलता भाग) बिजागर-रेषेपर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं हवं, २-३ मिलिमीटरचा फरक चालतो. डिजिटल कोनमापक आधी पंखावर, मग आडव्या शेपटीवर ठेवा. बहुतेक एरोबॅटिक मॉडेलांत दोन्ही कोन शून्य असतात. फरक अर्ध्या अंशापर्यंत असेल तर पंख फिरू न देणारी रोध-पिन ज्या भोकात बसते ते भोक किंचित कोरून दुरुस्त होतो. त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला फोटो पाठवा.

फायरवॉल, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती पाटी, हा सगळ्यात संशयाने बघायचा भाग. जुळ्या सिलिंडरच्या इंजिनाचा सगळा थरथराट याच पाटीवर येतो आणि कारखान्यातला गोंद कधी कधी एका कडेलाच लागलेला असतो. आतून टॉर्च मारा. सांध्यात काळी फट दिसली किंवा बोटाने टकटक केल्यावर बद्द आवाज आला, तर ३० मिनिटांचं इपॉक्सी किंचित गरम करून पातळ होऊ द्या आणि सांध्यात मुरवा. आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्टी चिकटवली तर उत्तमच. लँडिंग गिअरच्या पाटीलाही हेच करा, कारण रांगड्या लँडिंगमध्ये पहिल्यांदा सुटते ती हीच. नंतर इंजिनाच्या खणातल्या उघड्या लाकडावर पातळ इपॉक्सीचा हात द्या. तेल प्यायलेल्या लाकडाला पुढे कुठलाच गोंद धरत नाही.

फिल्मला सुरकुत्या असणारच. कडा आणि जोड सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या इस्त्रीने आधी पक्के करा, मगच मधला भाग थोड्या जास्त तापमानाने ताणा. उलटं केलं तर ताण कडांवर येतो आणि जोड उघडतात. एलेरॉन आणि एलेव्हेटरच्या (आडव्या शेपटीचा हलता भाग) पुढच्या कडांवर खास लक्ष द्या, कारण तिथली सुटलेली फिल्म वेगात सोलली जाते.

## बिजागऱ्या

या आकाराला टोकदार दांडीच्या, मधे पिन असलेल्या बिजागऱ्या येतात आणि भोकं बहुधा आधीच पाडलेली असतात. घाई इथेच होते, आणि इथली चूक नंतर दिसतही नाही.

१. सगळ्या बिजागऱ्या कोरड्या बसवा. पिनचा मध्य बरोबर बिजागर-रेषेवर यायला हवा, म्हणून गाठीसाठी (पिनेभोवतीचा फुगीर भाग) भोकाच्या तोंडाशी छोटी व्ही आकाराची खाच लागते. पृष्ठभाग दोन्हीकडे ४५ अंश अडखळल्याशिवाय वळला पाहिजे आणि फट जाड कागदापेक्षा मोठी नको.

२. काढून दांड्या घासकागदाने खरखरीत करा, अल्कोहोलने पुसा.

३. गाठीला टूथपिकने व्हॅसलीन लावा. गाठीलाच, दांडीला नाही. इपॉक्सी गाठीत शिरलं तर ती बिजागरी कायमची आखडते.

४. ३० मिनिटांचं इपॉक्सी सुईविना सिरिंजने भोकाच्या आत सोडा, थोडं दांडीलाही लावा. आधी फक्त हलणाऱ्या पृष्ठभागाच्या बाजूच्या बसवा आणि लगेच पंख कोरडाच जोडून ठेवा, म्हणजे सगळ्या पिना एका रेषेत सुकतील. ५ मिनिटांचं इपॉक्सी वापरू नका. सहावी बिजागरी बसवेपर्यंत पहिलीचं चिकट झालेलं असतं.

५. ते सुकल्यावर पंखाच्या बाजूचं करा. इपॉक्सी ओलं असतानाच एलेरॉन दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा आणि बाहेर आलेलं पुसून घ्या.

६. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिजागरीजवळ धरून चांगलं जोर लावून ओढा. सुटायची असेल तर टेबलावर सुटू दे.

फट बंद करणं ऐच्छिक नाही. खालच्या बाजूने पारदर्शक फिल्मची पट्टी लावा. पट्टी मधोमध दुमडा, गोंदाची बाजू बाहेर ठेवा, एलेरॉन पूर्ण वर वळवून खालची फट उघडा आणि घडी खाचेत दाबून दोन्ही बाजूंना चिकटवा. एलेरॉन सरळ असताना पट्टी लावली तर वर वळताना ती अडते आणि सर्व्हो विनाकारण तिच्याशी झगडत बसतो. उघडी फट ठेवली तर एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला गळते, पृष्ठभागाचा परिणाम कमी होतो आणि फ्लटरला (पृष्ठभागाच्या वेगवान, विध्वंसक थरथरीला) आमंत्रण मिळतं.

## सर्व्हो आणि दांड्यांची भूमिती

प्रत्येक पंखाच्या एलेरॉनला २५ ते ३० किलो-सेंमीचे (फिरवण्याच्या ताकदीचं माप) दोन सर्व्हो, एलेव्हेटरच्या प्रत्येक अर्ध्याला ३० ते ४० किलो-सेंमीचा एक आणि रडरला ४० किलो-सेंमीच्या पुढचा एक किंवा मध्यम ताकदीचे दोन लावा. गिअर धातूचेच हवेत, व्होल्टेज ७.४. थ्रॉटलला साधा सर्व्हो चालतो.

सर्व्होच्या रबरात जी पितळी नळी घालायची असते तिचा रुंद कडेचा भाग लाकडाकडे असावा. उलटी घातली तर तीक्ष्ण कड लाकूड कुरतडते. स्क्रूसाठी १.५ मिलिमीटरचं भोक पाडा, स्क्रू एकदा फिरवून आटे पाडा, काढा, भोकात पातळ सीए (झटपट सुकणाऱ्या) गोंदाचा थेंब सोडा आणि पूर्ण सुकल्यावरच स्क्रू परत बसवा.

आता भूमिती. सर्व्होच्या आर्मची लांबी आणि हॉर्नची (पृष्ठभागावर बसवलेली, दांडा जोडायची पट्टी) उंची यांचं गुणोत्तर हेच तुमचं गिअर. समजा सर्व्हो ३० किलो-सेंमीचा, आर्म ३८ मिलिमीटर आणि हॉर्नचं भोक बिजागर-रेषेपासून ३८ मिलिमीटरवर. सर्व्हो ४५ अंश फिरला की पृष्ठभागही ४५ अंश फिरतो आणि ३०च्या ३० किलो-सेंमी पृष्ठभागावर पोचतात. आता कोणी ‘थ्रो (पृष्ठभागाचं वळण) वाढवू’ म्हणून ५० मिलिमीटरचा आर्म लावला, तर त्याच ४५ अंशांसाठी सर्व्होला साधारण साडेबत्तीस अंशच फिरावं लागतं. ऐकायला छान वाटतं, पण मधल्या स्थितीत पृष्ठभागावर पोचणारी ताकद २२.८ किलो-सेंमी उरते. शिवाय सर्व्होच्या गिअरमधली ढिलाई पृष्ठभागावर सव्वापटीहून जास्त होऊन येते. म्हणून नियम असा: थ्रो हवा तेवढा मिळेल असा सर्वांत लहान आर्म लावा आणि ट्रान्समीटरमधला प्रवास १०० टक्क्यांच्या आसपास किंवा वर ठेवा. ट्रान्समीटरमध्ये प्रवास ६० टक्क्यांवर आणून थ्रो कमी केलेला दिसला, तर त्या विमानात सर्व्होची ताकद आणि बारकावा दोन्ही वाया चाललेत असं समजा.

सर्व्हो मध्यात असताना आर्म दांड्याशी काटकोनात हवा. सर्व्होच्या २५ दात्यांच्या स्प्लाइनवर (दातेरी टोकावर) एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे जवळचा दात निवडल्यावर उरणारी चूक जास्तीत जास्त ७.२ अंशांची. तेवढ्यापुरतंच सब-ट्रिम (ट्रान्समीटरमधून मध्य किंचित सरकवणं) वापरा. हॉर्नचं भोक बिजागर-रेषेच्या बरोबर वर हवं. ते मागे सरकलेलं असेल तर वरचा आणि खालचा थ्रो असमान येतो, आणि तो दोष मिक्सिंगने झाकत बसावा लागतो. वरून पाहिल्यावर दांडा बिजागर-रेषेला काटकोनात हवा.

दांडे उलट-सुलट आट्यांचे टायटॅनियमचे किंवा तितकेच कडक घ्या, दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची बॉल लिंक. हॉर्न दुहेरी असेल तर बॉल दोन पट्ट्यांच्या मधे येते आणि बोल्टवर वाकवणारा जोर येत नाही. एकेरी हॉर्न असेल तर बॉलच्या बाहेर मोठी चकती लावा, म्हणजे बॉल निसटली तरी लिंक बोल्टवरून सुटत नाही. नट नायलॉकचे वापरा. धातूत धातू जिथे जातो तिथे निळा थ्रेडलॉकर, पण बोल्टवरचं तेल अल्कोहोलने पुसूनच. प्लास्टिकच्या लिंकला किंवा नायलॉनच्या बोल्टला थ्रेडलॉकर लावू नका. काही प्लास्टिकं त्याने ठिसूळ होऊन तडकतात.

एका एलेरॉनवरचे दोन सर्व्हो एकमेकांशी भांडणार नाहीत, याची खात्री डोळ्याने होत नाही. आधी एका सर्व्होचा दांडा जोडून मध्य आणि दोन्ही टोकं ठरवा. दुसऱ्याचा दांडा सुटा ठेवून त्याची लांबी अशी जमवा की बोल्ट भोकात बोटाने आपोआप सरकेल, आधी मध्यात, मग पूर्ण वर, मग पूर्ण खाली. टोकांना जमत नसेल तर दोन्ही सर्व्होंच्या आर्मचे कोन जुळलेले नाहीत, आणि तेव्हा सर्व्हो जुळवणाऱ्या यंत्राने किंवा वेगळ्या चॅनेलने दुसऱ्याची टोकं सारखी करा. शेवटी बॅटरीच्या वायरीत अँपिअरमीटर लावा. पृष्ठभाग स्थिर असतानाही सर्व्हो गुणगुणत असतील आणि एक दांडा काढताच प्रवाह खाली येत असेल, तर ते भांडतच आहेत. हे भांडण उड्डाणात बॅटरी खातं आणि गिअर घासतं.

सगळं जोडून झाल्यावर रेडिओ चालू ठेवून एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरा आणि हलवा. मिलिमीटरच्या वर खेळ जाणवला तर तो नेमका कुठून येतो, बॉलमधून, हॉर्नमधून की सर्व्होच्या गिअरमधून, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. हवेत फ्लटर सुरू झाला तर जोराची घरघर ऐकू येते. तेव्हा थ्रॉटल ताबडतोब खाली आणि नाक किंचित वर. उतरल्यावर वरून सगळं धड दिसलं तरी त्या सर्व्होचा गिअर उघडून पाहिल्याशिवाय विमान परत उडवायचं नाही.

## रडरची दोरी

रडरला बहुधा दोन्हीकडून ओढणाऱ्या तारा असतात. सर्व्हो कॅनोपीखाली बसतो, वजन मध्याजवळ राहतं. सर्व्हो-आर्मवरच्या दोन भोकांतलं अंतर आणि रडर-हॉर्नवरच्या दोन भोकांतलं अंतर सारखं ठेवा, आणि हॉर्नची भोकं बिजागर-रेषेवरच आणा. समांतरभुज चौकोन तयार होतो आणि वळताना ताण बदलत नाही. भोकं बिजागर-रेषेच्या मागे गेली तर न ओढणारी तार ढिली पडते, पुढे आली तर वळताना दोन्ही तारा ताणतात आणि सर्व्होच्या बेअरिंगवर भार येतो. पहिला दोष एकवेळ सहन होतो, दुसरा नाही.

काही विमानांत तारा शेपटीकडे जाताना एकमेकींना ओलांडतात. ओलांडण्याच्या जागी घासत असतील तर एकीवर प्लास्टिकची बारीक नळी चढवा. क्रिंप करताना (धातूची नळी दाबून तार पक्की करताना) तार नळीतून, लिंकमधून, परत नळीतून आणि मग वळवून तिसऱ्यांदा नळीतून काढा, आणि दोन जागी दाबा. सोल्डर करू नका, सोल्डरच्या कडेला तार कडक होते आणि तिथेच तुटते. ताण एवढाच की एका बाजूला ओढताना दुसरी तार लोंबू नये. वीणेची तार करायची नाही.

## इंजिन, काउल आणि वारा

फायरवॉलमध्ये उजवीकडे २ ते ३ अंशांचा झुकाव आधीच दिलेला असतो, त्यामुळे इंजिन मध्यभागी लावलं तर स्पिनर काउलच्या मध्यावर येत नाही. फायरवॉलपासून स्पिनरच्या मागच्या चकतीपर्यंत १७० मिलिमीटर आणि झुकाव २.५ अंश असेल, तर इंजिनाचं केंद्र डावीकडे साधारण ७.४ मिलिमीटर सरकवावं लागतं. डावं-उजवं नेहमी वैमानिकाच्या नजरेतून मोजायचं. बऱ्याच किटमध्ये ही खूण आधीच सरकवून छापलेली असते. मोजून खात्री करा, नाहीतर सरकवलेलंच पुन्हा सरकवून ठेवाल.

स्टँडऑफची (इंजिन आणि फायरवॉलमधल्या आधार-खांबांची) लांबी अंदाजाने घेऊ नका. काउल तात्पुरतं चढवा आणि फायरवॉलपासून काउलच्या पुढच्या वळ्यापर्यंत मोजा. समजा ते १७८ मिलिमीटर आलं. स्पिनर आणि काउलमध्ये ४ मिलिमीटर फट हवी, म्हणजे १८२. इंजिनाच्या पायापासून प्रॉपेलरच्या बैठकीपर्यंत १५० असेल तर ३२ मिलिमीटरचे स्टँडऑफ लागतील. फट २ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, सुस्त फेऱ्यांवर इंजिन बरंच हलतं आणि स्पिनर काउल खरवडतो. फायरवॉलच्या मागे मोठ्या चकत्या घाला, त्यामुळे दाब लाकडात रुतत नाही.

काउल कापायला आधी जाड कागदाचा साचा करा: सिलिंडरची टोकं, कार्ब्युरेटरची सुई फिरवायची भोकं, एक्झॉस्ट. कागद काउलच्या मागे फ्युजलाजला चिकटवा, इंजिनाभोवती भोक कापा, इंजिन काढून काउल चढवा आणि तोच कागद काउलवर दुमडून खूण करा. एक्झॉस्टभोवती ८ ते १० मिलिमीटर मोकळीक ठेवा.

इंजिन जास्त तापण्याची तक्रार ही बहुतेक वेळा वारा बाहेर पडायला वाट नसल्याची तक्रार असते. आत येणाऱ्या भोकापेक्षा बाहेर जाणारी जागा अडीच ते तीन पट हवी. शिवाय वारा नेहमी सोपी वाट धरतो. सिलिंडरच्या पंख्यांमधून (थंड करणाऱ्या पातळ पात्यांमधून) जाण्यापेक्षा बाजूने निसटणं त्याला सोपं असतं, म्हणून काउलच्या आत १.५ मिलिमीटर लाकडाचे आडोसे लावून त्याला सिलिंडरमधूनच जायला भाग पाडा. आडोसा पंख्यांपासून ५-६ मिलिमीटरवर ठेवा. कॅनिस्टर मफलर (पोटात बसवलेला लांब डबा) असेल तर तो जिथे संपतो तिथे पोटाखाली बाहेर पडायची जागा कापा, नाहीतर गरम हवा फ्युजलाजच्या पोटात साचून राहते. कॅनिस्टर लाकडापासून किमान १० मिलिमीटर दूर ठेवा आणि पुढे-मागे थोडा सरकू शकेल असा सिलिकॉनच्या गादीवर धरा, गरम झाल्यावर तो लांबतो. टेफ्लॉनची जोडनळी आणि तिच्यावरचे क्लॅम्प दर पाचेक उड्डाणांनी पाहायचे.

## टाकी आणि नळ्या

१०० सीसीला ९०० ते १००० मिलिलिटरची टाकी लागते. ती गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे पंखाच्या नळीच्या आसपास ठेवा, म्हणजे इंधन संपत जाताना विमानाचा तोल बदलत नाही. ग्लो इंजिनाचा (मिथेनॉलवर चालणाऱ्या लहान इंजिनाचा) सिलिकॉन नळीचा साठा इथे चालत नाही: पेट्रोलने सिलिकॉन फुगतं आणि गळतं. पेट्रोलसाठीची पिवळसर नळी आणि पेट्रोलला टिकणारं बूच वापरा. पितळी नळ्यांच्या टोकांना ओठ करा किंवा नळीवरून तार बांधा. आतली वजन लावलेली नळी पूर्ण लवचीक नको, तिच्या मध्यावर पितळी नळीचा एक तुकडा घाला. नाहीतर जोराच्या ब्रेकमध्ये ती पुढे उलटते, तिथेच अडकते, आणि पुढच्या उड्डाणात उभ्या रेषेत इंजिन हवा पितं. हवेची नळी टाकीवरून एक वेढा घेऊन पोटाखाली काढा, म्हणजे भरलेलं विमान कलल्यावर पेट्रोल थेंबथेंब गळणार नाही. भरायची नळी वेगळी ठेवा.

## वीज आणि रेडिओ

सर्व्होंसाठी दोन बॅटऱ्या लावा, प्रत्येकी दोन सेलची ली-आयन, २५०० मिलिअँपिअर-तासांच्या वर, आणि दोन वेगळे स्विच. एक स्विच मेला तरी दुसरा विमान उतरवतो. इग्निशनला तिसरी, वेगळी बॅटरी, आणि मधे प्रकाशाने जोडणारा किल स्विच (दुरून इंजिन बंद करणारा), म्हणजे तांब्याचा एकही धागा इग्निशनला रिसीव्हरशी जोडत नाही. इग्निशनचं खोकं फोममध्ये गुंडाळून इंजिनाच्या खणात, रिसीव्हरपासून २५ सेंटिमीटरपेक्षा दूर ठेवा. स्पार्क प्लगची टोपी धातूच्या कड्यासकट पूर्ण खाली बसली पाहिजे. ती किंचित तिरकी राहिली तर वायरीवरची जाळी इंजिनाला नीट टेकत नाही आणि ठिणगीचा सगळा गोंगाट रेडिओत येतो. इंजिन बंद असताना पल्ल्याची चाचणी उत्तम आणि चालू असताना पल्ला निम्मा, असं झालं तर आधी ही टोपी पाहा.

सर्व्होच्या लांबवलेल्या वायरी २२ गेजच्या किंवा जाड घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, आणि ३० किलो-सेंमीचा सर्व्हो नेमका जोराच्या वेळी २० चा होतो. प्रत्येक जोडणीला क्लिप किंवा दोऱ्याची गाठ मारा. अँटेनाचा जो शेवटचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग असतो तोच काम करतो. दोन अँटेना एकमेकींना काटकोनात ठेवा, कार्बन नळी आणि कॅनिस्टरपासून दूर. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर आपोआप घेतो त्या स्थितीला) थ्रॉटल सुस्त आणि इग्निशन बंद करा, मग ट्रान्समीटर बंद करून ते खरंच होतं का पाहा.

## तोल आणि थ्रो

टाकी रिकामी, कॅनोपी बसवलेली, प्रॉपेलर लावलेला. पुस्तिकेत दिलेली जागा बहुधा पंखाच्या नळीवर किंवा तिच्या मागे एक-दोन सेंटिमीटरवर असते. पहिल्या उड्डाणासाठी दिलेल्या पट्ट्यातलं पुढचं टोक धरा. तोल जमवायला शिसं ठेवण्याआधी बॅटऱ्या हलवा: १२ किलोच्या विमानात ३०० ग्रॅमची बॅटरी ४०० मिलिमीटर सरकवली की गुरुत्वमध्य १० मिलिमीटर सरकतो. शेपटीचा अनावश्यक ग्रॅम महागात पडतो. मध्यापासून शेपूट १.५ मीटर आणि नाक ०.६ मीटर असेल तर शेपटीतल्या १० ग्रॅमला नाकात २५ ग्रॅम लागतात. म्हणून शेपटीच्या चाकाचा जड कंस लावताना दोनदा विचार करा. आडवा तोलही पाहा: स्पिनर आणि शेपटीचं टोक धरून उचला, जो पंख खाली जातो त्याच्या विरुद्ध टोकाला वजन.

पहिल्या उड्डाणासाठी एलेरॉन २० अंश, एलेव्हेटर १२ ते १५ अंश, रडर २५ ते ३० अंश. थ्रीडीसाठी (हवेत लटकवणं वगैरे कसरतींसाठी) वेगळ्या स्विचवर अनुक्रमे ३५, ४५ आणि ४०च्या पुढे. मोठ्या थ्रोला ५० ते ६० टक्के एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम मऊ करणारी सेटिंग) लागतो, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रान्समीटरमध्ये चिन्ह उलटं असतं. स्टिक हळूच हलवून पृष्ठभाग मध्यात खरोखर मऊ झालाय हे डोळ्याने पाहा. मग विमानाच्या मागे उभं राहून प्रत्येक दिशा तपासा: स्टिक उजवीकडे, उजवं एलेरॉन वर.

## पहिली सुरुवात

प्रॉपेलर २७ बाय १० किंवा २८ बाय १० (व्यास आणि पिच, इंचांत). इंधनात तेल ३२ ला १, म्हणजे लिटरला ३१ मिलिलिटर. घासणी (नव्या इंजिनाचं सुरुवातीचं बसणं) संपल्यावर इंजिनच्या पुस्तिकेतलं प्रमाण. सुया पुस्तिकेत सांगितल्या तितक्या उघड्या, नसेल सांगितलं तर कमी वेगाची सव्वा-दीड आणि जास्त वेगाची दीड-पावणेदोन फेऱ्या. शेपूट खुंटाला बांधलेली, मदतनीस पंखाच्या मागे, कोणीही प्रॉपेलरच्या पातळीत नाही. चोक बंद, इग्निशन चालू, हातमोजा घालून फिरवा. ‘फट्’ आवाज आला की चोक उघडा आणि पुन्हा फिरवा. जास्त वेगाची सुई फेऱ्या शिखराला पोचेपर्यंत आवळा आणि मग थोडी सैल करा. त्यानंतर कमी वेगाची सुई अशी लावा की थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर इंजिन दचकणार नाही.

पहिल्या उड्डाणात ट्रिम झाल्यावर उंची घेऊन ४५ अंशांची चढती रेषा धरा, विमान उलटं करा आणि एलेव्हेटर सोडा. नाक लगेच जमिनीकडे झुकलं तर तोल पुढे आहे, थोडा वेळ रेषा धरून हळू झुकलं तर ठीक, आपोआप वर चढायला लागलं तर मागे आहे. सरळ उभ्या चढाईत विमान डावीकडे सरकत असेल तर उजवा झुकाव कमी पडतोय: डाव्या दोन्ही स्टँडऑफखाली १ मिलिमीटरची चकती घाला. बोल्टांमधलं अंतर ७० मिलिमीटर असेल तर यातून साधारण ०.८ अंश मिळतात.

पहिल्या तीन उड्डाणांनंतर प्रत्येक वेळी काउल काढा. इंजिनाचे बोल्ट, एक्झॉस्टचे क्लॅम्प, आडव्या शेपटीला धरणारे ३ मिलिमीटरचे बोल्ट आणि पंखाचे बोल्ट हाताने तपासा, आणि बॅटऱ्या प्रत्येक उड्डाणानंतर चार्ज करून त्यात किती मिलिअँपिअर-तास गेले ते लिहून ठेवा. पुढे एका चार्जवर किती उडायचं ते या आकड्यांवरून ठरतं. प्रॉपेलर लाकडी असेल तर त्याचे बोल्ट पहिल्या दिवशी दोनदा आवळावे लागतात. नवं लाकूड बोल्टांखाली दबतं, आणि हवेतली ओल बदलली की पुन्हा थोडं सैल पडतं.